वनोपजाचा व्यापार : शासनाचे नियमन आणि गावाची जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासाठी गडचिरोली येथे भरलेल्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे, तो वाचून मी स्वतःच थोडा बिचकलो. ‘व्यवसायाच्या संधी : शासकीय नियमन व व्यक्तिगत उत्तरदायित्व.’ हा विषय एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा असा आहे. मी मराठी साहित्य घेऊन पदवी मिळविली आणि पुढे माहिती खात्यात आलो. शासनाचा निर्णय सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेणे आणि लोकांचे म्हणणे जमेल तितके वर पोहोचविणे, एवढेच माझे काम. तेव्हा सिद्धान्ताच्या वाटेला न जाता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील दोनच वस्तू मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. एक तेंदूचे पान आणि दुसरा बांबू. व्यवसायाची संधी कोणाला मिळावी, ती कोणी नियंत्रित करावी, आणि ती हाती आल्यावर तिची जबाबदारी कोणी उचलावी, हे तिन्ही प्रश्न या दोन वस्तूंनी गेली पन्नासहून अधिक वर्षे आपल्याला विचारले आहेत.

तेंदूचा हंगाम आपल्यापैकी कोणाला सांगायला हवा असे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटकटाई होते, नवी पालवी फुटते, आणि एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात काही आठवडे साऱ्या गावाची पहाट जंगलात उजाडते. बाया, पोरे, म्हातारी माणसे पाने तोडून आणतात, दुपारी ओसरीवर बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि सायंकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. अशा एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने. प्रत्येक पान हाताने खुडलेले, निवडलेले, पालथे-उलथे करून पाहिलेले. कार्यालयात बसून आपण ‘अमुक इतक्या गोण्यांचे संकलन’ असे लिहितो, तेव्हा हा सत्तर हजारांचा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा, अशी माझी विनंती आहे.

या पानावर हक्क कोणाचा? मालगुजारीच्या काळात या भागातील रयतेला निस्ताराचे हक्क होते. सरपण, कुडासाठी फाटे, गुरांचे चारण, घरगुती गरजेपुरता बांबू. पण निस्तार म्हणजे गरज भागविणे, विकणे नव्हे. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा वाद त्यातूनच निघाला आहे. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली, जंगले शासनाकडे आली आणि गोंदिया, कामठीसारख्या ठिकाणी विडीचा धंदा वाढत गेला, तसतसा पानाचा व्यापार ठेकेदारांच्या हाती गेला. ठेकेदार ठरवील तो दर, त्याचा मुन्शी मोजील तो पुडा. एका पुड्यात सत्तर पाने भरली की नाही हे मुन्शी ठरवणार, आणि ‘पाने फाटकी आहेत’ म्हणून बाजूला टाकलेला पुडाही शेवटी त्याच्याच गोणीत जाणार.

ही लूट थांबावी या हेतूने शासनाने हात घातला. शेजारच्या मध्य प्रदेशाने १९६४ साली तेंदूपत्त्याच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला. महाराष्ट्राने १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराच्या नियमनाचा कायदा केला. ओडिशाने १९७३ साली हा व्यापार शासनाच्या ताब्यात घेतला. या कायद्यांमागे आणखी एक व्यावहारिक कारण होते. खासगी शेतातील पान कोणते आणि सरकारी जंगलातील पान कोणते, हे पानाकडे पाहून कोणी सांगू शकत नाही. एकाच्या नावावर दुसरे विकले जाई. म्हणून साऱ्याच पानांची खरेदी शासनाने किंवा शासनाने नेमलेल्या अभिकर्त्याने करावयाची, इतर कोणी नाही, असे ठरले. जंगलाचे घटक पाडण्यात आले, सल्लागार समितीच्या सल्ल्याने दर ठरू लागले, आणि घटकांची विक्री होऊ लागली.

या कायद्याची आज थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. ज्या बाईला हिशेब येत नव्हता, बाजार माहीत नव्हता, आणि जिच्या घरात ठेकेदाराची उचल आधीच खर्ची पडली होती, तिला निदान दराची एक तळरेषा मिळाली. परंतु या तळरेषेबरोबर तिच्या डोक्यावर एक छतही आले. तिने पान तोडावे, पुडा बांधावा, फळीवर द्यावा. दुसऱ्या कोणाला विकले, तर गुन्हा. तिला मजुरी मिळाली, भाव मिळाला नाही. पुढे स्वामित्वशुल्काच्या रकमेतून प्रोत्साहनार्थ मजुरी देण्याची पद्धत आली. लोक तिला बोनस म्हणतात. बोनस हा शब्दच बोलका आहे. मालकाला बोनस मिळत नसतो, तो नोकराला मिळतो.

दराचा प्रश्न कायद्याने पुरता सुटला नाही, याचा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. १९८० नंतर दक्षिणेकडील जंगलात नक्षलवाद्यांनी शिरकाव केला, तेव्हा त्यांनी प्रथम हाती घेतलेल्या प्रश्नांत तेंदूची मजुरी होती. शासनाने ठरविलेल्या दरात जे उणे राहिले, त्या फटीतून बंदूक आत आली. गावाला दर वाढवून मिळाला खरा, पण त्याची किंमत गावाने कितीतरी पटींनी भरली. याविषयी येथे बसलेल्यांना मी अधिक काही सांगावे, असा माझा अधिकार नाही.

तेंदूसारखीच गोष्ट इतर मालाची. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने ठरावीक आदिवासी क्षेत्रांत धान्य व वनोपज यांची एकाधिकार खरेदी सुरू करण्याचा मार्ग खुला झाला. सावकार-व्यापाऱ्याने कवडीमोलाने माल उचलू नये, हा हेतू निर्मळ होता. पण एकच गिऱ्हाईक असले आणि ते गिऱ्हाईक वेळेवर आले नाही, तर विकणाऱ्याने करायचे काय? केंद्र उघडेपर्यंत थांबायला ज्याच्या घरात धान्य आहे, तोच थांबू शकतो. ज्याच्या घरात नाही, तो रात्री मागल्या दाराने त्याच व्यापाऱ्याकडे जातो, आणि आता तो गुन्हेगारही ठरलेला असतो. म्हणजे कायदा मोडण्याची भीती विकणाऱ्याला, आणि त्या भीतीचा नफा घेणाऱ्याला.

मोहफुलाचे उदाहरण याहून नाजूक आहे. मोहाची दारू होते, म्हणून दारूबंदी कायद्याखाली मोहफुलाच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर निर्बंध आले. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी लागू झाली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. त्याच २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलाच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंधही शिथिल केले. दारूबंदी असावी की नसावी, यावर या सभागृहातच दोन मते असतील. मला एवढेच म्हणायचे आहे की, फूल वेचणाऱ्या प्रत्येक म्हातारीच्या टोपलीकडे संशयाने पाहिल्याने दारू थांबली, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ती जेथे थांबली, तेथे गावातील बायांनी थांबविली. कायदा त्यांच्या पाठीशी असला तर त्यांना बळ येते, आणि गाव पाठीशी नसला तर कायदा कागदावर राहतो.

आता बांबूकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा तेथे आहे.

१९९१ साली देशाने औद्योगिक धोरण बदलले. बहुतेक उद्योगांना लागणारा परवाना रद्द झाला. परवाना-राज संपले म्हणून वर्तमानपत्रांनी मथळे दिले. त्या वेळी शहरातील कारखानदाराची सुटका झाली, पण जंगलातील माणसाच्या बांबूचा परवाना तसाच राहिला. याचे कारण मोठे विलक्षण आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्र म्हणते, बांबू हे गवत आहे. कायदा म्हणत होता, बांबू हे झाड आहे. गवत असते तर गावाला ते विकता आले असते. झाड होते, म्हणून ते इमारती लाकडाच्या पंक्तीला बसले आणि वनखात्याच्या परवान्याशिवाय त्याला जंगलाबाहेर पाऊल टाकता येईना. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र हाच बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत होता. सुपे-टोपल्या विणणारा बुरूड आणि घराला ताटवा बांधणारा शेतकरी हे दोघे डेपोच्या दारात उभे, आणि ट्रक भरभरून बल्लारपूरच्या रस्त्याला, हे दृश्य माझ्या वयाच्या मंडळींनी पाहिलेले आहे.

२००६ साली वनहक्क कायदा संमत झाला. त्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली, तिच्यात बांबू आणि तेंदू दोन्ही नावे स्पष्ट लिहिली. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबू विकायचे ठरविले आणि वाहतुकीचा परवाना मागितला. उत्तर आले, देता येत नाही. हक्क एका कायद्याने दिला, आणि रस्ता दुसऱ्या कायद्याने अडविला. बांबू तुमचा, पण तो जंगलातच ठेवा, असा त्याचा अर्थ झाला.

मेंढ्याने दगड उचलला नाही आणि हातही जोडले नाहीत. त्यांनी कायदा वाचला, पत्रे लिहिली, पुन्हा पत्रे लिहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. देवाजी तोफा यांच्या हातात ते पुस्तक आले, ती घटना आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रात पाहिली असेल. २०१२ च्या सप्टेंबरात वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आहे, हे नियमातच नमूद झाले. वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून काढण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

परवान्याचे पुस्तक हाती आले, येथे बातमी संपते. आम्ही माहिती खात्याची माणसेही येथेच थांबतो. पण गावाचे काम येथून सुरू होते. कारण पुस्तक ज्याच्या हाती, त्याच्याकडे आता बोट दाखविता येते. काल गाव म्हणत होते, ‘वनखाते देत नाही.’ आज कोणी कोवळा बांबू तोडून नेला, तर गाव कोणाला बोल लावणार?

बांबूचे बेट कसे राखावे, याचे नियम कठीण नाहीत. चालू वर्षाचा कोंब आणि गेल्या वर्षाचा बांबू तोडू नये. बेटाच्या मधल्या भागाला मोकळे करावे, कडेचे राखावे. बुंध्याशी नीट कापावे. पावसाळ्यात तोड बंद ठेवावी. एका भागात तोड केली की त्याला दोन-तीन वर्षे विश्रांती द्यावी. हे नियम वनखात्याच्या कार्ययोजनेतही होते आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यातही होते. पण शेजारचा जावई लग्नासाठी मांडव घालायला पन्नास बांबू मागतो, तेव्हा नियम पाळायचा तर ‘नाही’ म्हणावे लागते. वनरक्षक ‘नाही’ म्हणत होता, तेव्हा त्याला लोक शिव्या देत. तो तिऱ्हाईत होता, त्याचे निभावून गेले. आता ‘नाही’ म्हणणारा माणूस त्याच पंगतीत जेवणार असतो. शासनाच्या नियमनापेक्षा हे कितीतरी अवघड नियमन आहे. मेंढ्याला ते जमले, कारण त्यांची तयारी वनहक्क कायद्याच्या वीस-बावीस वर्षे आधीपासून चालू होती. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात जे आंदोलन झाले, त्यातून हे गाव जागे झाले. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्यांनी अभ्यास गट चालविले आणि ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यायचा, अशी शिस्त लावून घेतली. एकालाही पटले नाही, तर निर्णय पुढे ढकलायचा. आपल्या कार्यालयीन घाईला हे मानवणार नाही. परंतु ज्याने स्वतः होकार दिला आहे, तो नंतर ‘मला विचारले नव्हते’ असे म्हणू शकत नाही. मांडवाचे पन्नास बांबू नाकारण्याचे बळ या होकारातून येते.

तेंदूची गोष्ट मात्र सर्वत्र इतकी सुखाने पुढे गेली नाही. अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ साली पेसा कायदा झाला. १९९७ साली महाराष्ट्राने गौण वनोपजाची मालकी पंचायतींकडे दिली, पण त्यातून तेंदू आणि बांबू वगळले. म्हणजे ज्यात पैसा होता, तेच राखून ठेवले, असे लोक म्हणाले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. पुढे वनहक्क कायदा आणि २०१४ चे पेसा नियम यांच्या काळात ग्रामसभांना दोन पर्याय देण्यात आले. पहिला पर्याय असा की, वनखात्याने ग्रामसभेच्या वतीने लिलाव करावा. दुसरा असा की, ग्रामसभेने स्वतः संकलन करून स्वतः विक्री करावी. गडचिरोली जिल्ह्यातील पुष्कळ ग्रामसभांनी दुसरा पर्याय निवडला. कोरची तालुक्यातील गावांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. मजुरीबरोबर स्वामित्वशुल्कही गावात आले. गावाच्या खात्यावर एवढी रक्कम पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

पण दुसरा पर्याय निवडणे म्हणजे व्यापारी होणे. आणि व्यापाऱ्याला तोटाही येतो. २०१७ च्या हंगामात पानाला भाव चढले. त्याच जुलैपासून तेंदूच्या पानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २०१८ च्या हंगामात भाव कोसळले. काही ठेकेदारांनी माल उचलला आणि स्वामित्वशुल्काची रक्कम थकविली. काही करार असे होते की, त्यांत हप्ता कधी द्यायचा हे लिहिलेच नव्हते. तक्रार घेऊन गाव आले, तेव्हा कार्यालयाने सांगितले, करार तुमचा आहे, आमचा नाही. कायद्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते. पण ज्या शासनाने पाच दशके ‘तुम्हाला कळत नाही, आम्ही विकतो’ असे सांगितले, त्याने एका हंगामात ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणावे, हे न्यायाचे नव्हते. पोहायला कधी न शिकविलेल्या माणसाला नदीत सोडून काठावरून त्याच्या स्वातंत्र्याचे कौतुक करण्यासारखे ते होते.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेने तेंदूचा करार केला. रक्कम डोळे दिपविणारी होती. मी उत्साहाने प्रसिद्धिपत्रक काढले, ‘अमुक गाव झाले लक्षाधीश’ अशा थाटाचे. ते छापूनही आले. वर्षभराने त्या बाजूला गेलो असता ग्रामसभेच्या अध्यक्षांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, तुम्ही लिहिलेले पैसे अर्धेच आले. पण पेपर वाचून सोयरे मात्र पूर्ण पैशांची उसनवारी मागायला येऊन गेले.’ मी करारातली रक्कम लिहिली होती, खात्यात जमा झालेली नव्हे. तो फरक मला कळला नव्हता, असे नाही. मला तो विचारावासा वाटला नव्हता. त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

याच्या उलट एक आठवण आहे. दुसऱ्या एका गावी ग्रामसभेची बैठक चालू होती. ठेकेदाराचा माणूस मुद्रांकावर टंकलिखित करार घेऊन आला होता. सही करण्याची घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी त्याला म्हणे आणखी चार गावे करायची होती. आश्रमशाळेतले एक तरुण गुरुजी मागे बसले होते. ते उठले आणि म्हणाले, मी मोठ्याने वाचून दाखवितो. त्यांनी प्रत्येक कलम आधी मराठीत आणि मग गोंडीत वाचले. चौथ्या की पाचव्या कलमात असे होते की, पानाची प्रत खरेदीदाराला पसंत न पडल्यास दर कमी करण्याचा अधिकार त्यालाच राहील. एक म्हातारी बाई म्हणाली, ‘म्हणजे मुन्शी परत आला.’ सभा हसली. ते कलम खोडले गेले, आणि पहिला हप्ता माल उचलण्यापूर्वी जमा व्हावा, असे नवे कलम हाताने लिहिले गेले. ठेकेदाराचा माणूस कुरकुरला, पण त्याने सही केली. गुरुजींना यासाठी कोणी आदेश दिला नव्हता. त्यांच्या सेवापुस्तकात याची नोंदही होणार नाही. येथे उपस्थित असलेल्या शिक्षक बंधुभगिनींना मी एवढेच विचारतो, आपल्या गावातला करार आपण वाचला आहे काय?

आता चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गोंडपिपरी तालुक्यातील हे लहान गाव. २०१२ साली त्याला एक हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या गावाने बांबूचा व्यवसाय नीट मांडला, तोडीचे स्वतःचे नियम केले, आणि जंगलाचा एक भाग देवराईसारखा अस्पर्श ठेवला. तेंदूचा प्रश्न आला, तेव्हा ग्रामसभेने ठरविले की, तेंदूचा व्यापार करायचा नाही. कारणे अगदी साधी होती. पालवीसाठी झाडे छाटली जातात. नवे पान यावे म्हणून आगी लावल्या जातात, आणि त्या आगीत बांबूचे कोंबही जळतात. झाड छाटले की टेंभरे लागत नाहीत, आणि टेंभरे पोरे खातात, पाखरे खातात. हातात येणारा पैसा त्यांनी सोडला.

पाचगाव बरोबर आणि तेंदू विकणारी गावे चूक, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याला मे महिन्यातील तेंदूच वर्षाची मीठमिरची देतो. आगीवाचूनही तेंदू निघतो, आणि कित्येक ग्रामसभांनी आग न लावण्याचा नियम केला आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. १९६९ ते २०१२ या काळात पाचगावच्या जंगलात तेंदू तोडायचा की नाही, हा प्रश्न पाचगावला कोणी विचारू शकत नव्हते. घटक विकला गेला की पान निघणारच. विकण्याचा अधिकार नसणाऱ्याला न विकण्याचाही अधिकार नसतो. संयम दाखविण्याची संधीसुद्धा परवान्याच्या पुस्तकात बांधलेली होती, हे पाचगाव पाहीपर्यंत माझ्या तरी ध्यानात आले नव्हते.

मग शासनाने काय करावे? सर्व नियम उठवावेत आणि बाजूला व्हावे, असे सांगणारे लोक आहेत. लोक अजून तयार नाहीत, सबब नियम पूर्वीसारखेच राहावेत, असे सांगणारेही आहेत, आणि त्यांतले काही माझ्याच इमारतीत बसतात. वनहक्क कायद्याचे तिसरे कलम हक्क सांगते आणि पाचवे कलम कर्तव्य सांगते, की वन्यजीव, जंगल, पाणलोट यांचे रक्षण ग्रामसभेने करावे. गावाला तिसरे कलम पाठ असते, अधिकाऱ्याला पाचवे. दोघांनी एकमेकांचे कलम वाचावे. नियमन लागणारच आहे, पण त्याचे तोंड कोणाकडे असावे हा प्रश्न आहे. इतकी वर्षे ते पान तोडणाऱ्या बाईकडे होते. ते आता खरेदीदाराकडे वळले पाहिजे. अनामत रक्कम न भरता माल उचलणारा, एका तालुक्यात पैसे बुडवून दुसऱ्या तालुक्यात नव्या नावाने करार करणारा व्यापारी ग्रामसभेला एकटीला आवरणार नाही. त्याची माहिती एका गावाकडून दुसऱ्या गावाला पोहोचत नाही. ती शासनाकडे असते, किंवा असायला हवी. थकबाकीदार खरेदीदारांची यादी हंगामापूर्वी प्रत्येक पंचायत समितीच्या फळ्यावर लागली, तर तेवढ्याने निम्मे काम होईल. यासाठी नवा कायदा नको, एक टंकलिखित कागद आणि चार खिळे पुरेत.

ग्रामसेवकांना एक सांगतो. ग्रामसभेचे खाते म्हणजे ग्रामपंचायतीचे खाते नव्हे. वनोपजाचा पैसा ग्रामसभेचा आहे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे व्हायचा आहे. त्यासाठी कीर्द-खतावणी कशी ठेवायची, पॅन क्रमांक कसा काढायचा, कर कापला गेला असेल तर तो परत कसा मागायचा, हे आपण शिकवा. पण लेखणी आपल्या हाती घेऊ नका. आपण लिहिलेली वही सुबक दिसेल, आणि आपली बदली झाली की कोरी राहील. गावातल्या दहावी झालेल्या मुलीने लिहिलेली वही वेडीवाकडी असेल, चुका असतील. त्या चुका ती दुरुस्त करील. पंचायत सदस्यांना सांगायचे ते असे की, मजुरीची यादी करताना पुरुषाच्या नावावर कुटुंब लिहू नका. पाने बायकांनी तोडलेली असतात. रक्कम त्यांच्या नावाने त्यांच्या खात्यावर जाऊ द्या. या एका गोष्टीवर काही गावांत भांडणे झाली आहेत, याची मला कल्पना आहे. ती भांडणे व्हावयासच हवीत.

वेळ संपत आला, अशी खूण संयोजकांनी केली आहे. माझ्यापुरते सांगून थांबतो. त्या चहानंतर मी एक रीत ठेवली आहे. एखाद्या ग्रामसभेच्या उत्पन्नाची बातमी आली की, मी कराराची प्रत मागत नाही, बँकेच्या पासबुकाची नोंद मागतो. जमा झालेली रक्कम छापतो, ठरलेली नव्हे. त्यामुळे माझी प्रसिद्धिपत्रके आता उशिरा निघतात आणि आकडे लहान असतात, अशी वरिष्ठांची किंचित नाराजी आहे. गेल्या हंगामातील एका गावाची बातमी अजून माझ्या टेबलावर आहे. तीन हप्ते जमा झाले, चौथा यायचा आहे. अध्यक्षांचा दर आठवड्याला फोन येतो. ते बातमीविषयी विचारीत नाहीत. थकबाकीच्या नोटिशीचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला आहे आणि त्यातले शुद्धलेखन तेवढे मी तपासून द्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. तो मसुदा या पिशवीत आहे. आज सायंकाळच्या गाडीने तो परत जाईल.